जाधव फौजदारांचा चहा

जाधव फौजदार कुणाच्याही घरी चहा घेत नसत. खात्यातल्या माणसाने फुकटचा चहा नाकारावा, ही आमच्या पोलादपुरात बातमीच होती. पण ही सवय नंतरची. सत्तरच्या दशकात मी एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून आलो, तेव्हा माझ्या खोलीत बसून ते बशीत ओतलेला चहा मजेत भुरकत. येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत म्हणायचे, "कपडे बघू नको, कंट्रोलर. चेहरा ध्यानात ठेव."

त्या वर्षी आंबेनळी घाटाच्या अंगाला डोंगरवाड्यांत दोन म्हाताऱ्यांचे खून झाले होते. दोघींची मुलं मुंबईला, घरात त्या एकट्या. गळा दाबलेला, अंगावरचं सोनं गेलेलं. दाराची कडी मात्र शाबूत, आणि चुलीपाशी चहाचे दोन कप. तिसरी म्हातारी जायच्या आत खुनी सापडायला हवा, या एका ध्यासाने जाधवांची झोप उडाली. "ओळखीचाच हाय," ते म्हणायचे. "परक्याला कोण घरात घेऊन चाय पाजतो?" पुतणे, जावई, भाऊबंद, सगळ्यांना त्यांनी चौकीत आणून बसवलं. हाती काहीच लागलं नाही.

एके सकाळी मुंबईची गाडी आली. कंडक्टरने एक गाठोडं माझ्या खिडकीत ठेवलं. वरच्या वाडीतल्या धोंडाबाईला तिच्या मुलाने पाठवलेलं. वर जाणारा कुणी भेटला की सामान त्याच्या हाती द्यायचं, ही आमच्याकडची रीतच. नाव-गाव कोण विचारतो? पांढऱ्या सदऱ्यातला एक सालस माणूस पुढे झाला. "मी वरच चाललोय, देतो की." साध्या कपड्यांत बसलेल्या जाधवांनीच गाठोडं उचलून त्याच्या हातात दिलं. "म्हातारीला सांग, पोरगा बरा हाय."

दुसऱ्या दिवशी धोंडाबाई मेलेली सापडली. चुलीपाशी दोन कप होते, आणि सोडलेल्या गाठोड्यात नवं लुगडं. मुलाची खुशाली घेऊन आलेला माणूस आमच्याकडे परका नसतोच, त्याला चहा दिल्याशिवाय कुणी सोडत नाही. डोंगरातच वाढलेल्या जाधवांच्या हे तेव्हा लक्षात आलं.

चेहरा ध्यानात होता. आठवड्याच्या आत महाडच्या बाजारात, सोनाराच्या दुकानासमोर त्यांनी त्याला धरलं. आधीच्या दोघींकडेही तो असाच गाठोडं घेऊन गेला होता. गावाने सत्कार ठरवला, जाधव गेले नाहीत. मी आग्रह केला तेव्हा म्हणाले, "धरला हाय खरा. पण आधी मीच धाडला ना." एवढा चांगला माणूस आतून असा खचताना बघणं फार वाईट होतं.

पुढे निवृत्त झाल्यावरही वाड्यांवरची गाठोडी ते स्वतः पोचवत. उंबऱ्याबाहेर उभे राहत. "बाय, आधी माणूस बघ, मग कडी काढ." म्हाताऱ्या हसत. "चाय घे रे फौजदारा, तू काय परका हायस?" ते पाणीसुद्धा न घेता डोंगर उतरत.

शेवटच्या आजारात मी त्यांच्याजवळ बसलो होतो. त्यांच्या मुलाने मुंबईहून पाठवलेली औषधं घेऊन एक अनोळखी तरुण आला. वहिनींनी नाव न विचारता चहा टाकला. जाधव कप रिकामा होईपर्यंत त्या पोराकडे बघत राहिले. तो गेल्यावर माझा हात धरून हळूच म्हणाले, "कंट्रोलर, चेहरा ध्यानात ठेव."

महिन्याभरात जाधव गेले. त्या बिचाऱ्या पोराचा काहीच दोष नव्हता; पण त्याचा चेहरा मला अजून आठवतो.