ऐकून घेण्याचा सराव

नवरा गोड बोलायला लागला की शहाण्या बाईने आधी कपाटाची किल्ली तपासावी, असं शिवणवाल्या काकूंच्या धाकट्या बहिणीचं मत होतं. काकूंना ते तपासून पाहायची वेळच आली नव्हती. त्यांचा नवरा गोड काय, कडूसुद्धा बोलत नसे. जन्मभर त्याने लिफ्टदुरुस्ती केली. घरी यायचं, हात धुवायचे, जेवायचं, झोपायचं. संसारातलं संभाषण म्हणजे "मीठ दे" आणि "दिवा मालव".

निवृत्त झाल्यावर हे गृहस्थ विद्यापीठात जायला लागले. संध्याकाळच्या अभ्यासक्रमांत हिशेब होता, ग्रंथालयाचं काम होतं, बागकामही होतं. काकांनी निवडलं समाजकार्य. शेजाऱ्याच्या दारात कधी पाऊल न टाकलेला माणूस समाजाचं कार्य करणार म्हणून काकू मशीनवर बसून पोटभर हसल्या.

मग एका दुपारी काका त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. "तुला आज कसं वाटतंय?"

मशीन थांबलं. "का? काय झालं?"

"काही नाही. असंच."

"असंच कोण विचारतं?"

"म्हणजे मी विचारल्याचं तुला नवल वाटतंय," काका मान डोलावत म्हणाले.

नवल कसलं, काकूंना संशय आला. कुठंतरी पाणी मुरत होतं. घर विकायचं मनात आहे? की डॉक्टरांनी काही सांगितलंय आणि हे लपवतायत? की वर्गात कुणी बाई आहे? त्यांनी सदऱ्याचे खिसे उलटे केले, सदरा हुंगूनही पाहिला. वंगणाचा वास येत नव्हता, आणि तेच त्यांना जास्त खटकलं.

काका मात्र रोज स्टूल ओढून बसत. विचारत आणि गप्प राहत. समोरचा माणूस गप्प बसून वाट पाहत असला की किती दिवस तोंड मिटून राहणार? एकदा उसवण काढता काढता काकूंच्या तोंडून निघून गेलं, "आपली पहिली मुलगी. आठवडाभरही राहिली नाही. तुम्ही दुसऱ्या दिवशी कामावर गेलात. सगळे म्हणाले, विसर. मी विसरले नाही."

काका स्टुलावरून उठले नाहीत. नेहमीसारखी मानही डोलावली नाही. काकूंना त्या रात्री कित्येक वर्षांनी शांत झोप लागली.

ती झोप चार दिवसांत उडाली. काकांच्या वर्गातल्या एक निवृत्त परिचारिका पुस्तक परत द्यायला आल्या. काका घरी नव्हते. बाई बोलघेवड्या होत्या. "शुक्रवारी आमचं प्रात्यक्षिक आहे. प्रत्येकाने एका माणसाचं मन लावून ऐकायचं आणि वर्गासमोर सांगायचं. माझी बाई तर तोंडच उघडत नाही. काकांना मात्र मोठी गोष्ट मिळालीय म्हणे."

काकूंनी पुस्तक घेतलं, दार लावलं आणि तिथेच जमिनीवर बसल्या. म्हणजे एवढ्यासाठी होतं ते स्टूल. आपलं लेकरू आता मार्कांसाठी वापरलं जाणार. वर्गात खरंच कुणी बाई असती तरी परवडलं असतं, असं त्यांना वाटलं. तीन दिवस त्या एक अक्षर बोलल्या नाहीत आणि काकांनी "कसं वाटतंय" म्हटलं की मशीन जोरात चालवत राहिल्या.

शुक्रवारी त्या विद्यापीठात पोचल्या. रंगेहाथ पकडायचं, चारचौघांत विचारायचं, मग पुढचं पुढे. वर्गाचं दार अर्धवट उघडं होतं. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आत एक मुलगी तिच्या घरमालकिणीचं दुःख सांगत होती आणि बाकीचे मान डोलावत होते. तशीच मान, अगदी काकांसारखी. काकूंचं डोकं भडकलं.

"आता काका," शिक्षिका म्हणाल्या. "तुमचीच वाट बघतोय सगळे."

बाक सरकल्याचा आवाज झाला. काकूंनी दाराच्या मुठीवर हात ठेवला.

"माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही," काका म्हणाले.

"अहो, सोमवारी तर म्हणालात, ऐकलंय म्हणून."

"ऐकलंय. पण ते इथे सांगणार नाही."

"नाव बदलून सांगा. तसाच नियम आहे."

"नको."

"काका, मग या विषयात मी तुम्हाला पास नाही करू शकणार. पुढच्या वर्षी पुन्हा बसावं लागेल."

"बसेन," काका म्हणाले आणि खाली बसले.

काकूंनी मुठीवरचा हात काढला. वर्ग सुटेपर्यंत त्या बाहेरच्या बाकावर बसून होत्या, आणि डोळे पुसायला पदर पुरेना.

काका बाहेर आले आणि त्यांना पाहून जागीच थांबले. "तू? इथे कशी?"

"तुम्हाला पकडायला आले होते." काकूंनी लपवलं नाही. "नापास झालात म्हणे."

"झालो."

"आधी का नाही सांगितलंत, अभ्यासासाठी विचारताय म्हणून?"

"सुरुवातीला अभ्यासच होता," काका म्हणाले. "नंतर तू तिचं बोललीस. त्या दिवशी मी कामावर गेलो, कारण घरात तुझ्याकडे बघवत नव्हतं. लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरून बसलो होतो दिवसभर. दुरुस्ती कसलीच नव्हती."

दोघं बाकावर बसली. मुलं येत-जात होती, कुणाचं लक्ष नव्हतं. काकू बराच वेळ पदराचं टोक चाचपत राहिल्या.

"मी तिचं नाव ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "मनातल्या मनात. कुणाला सांगितलं नाही."

काकांनी विचारलं नाही. काकूंनी आजूबाजूला पाहिलं, मग त्यांच्या कानाशी वाकून ते सांगितलं. काकांनी ते नाव हळूच म्हणून पाहिलं. दुसऱ्या कुणाच्या तोंडून काकू ते पहिल्यांदाच ऐकत होत्या.