पट्टीवर आलेलं 'मूळ अर्ज'

सोयगावच्या शाळेत शिरसाट मॅडम नसत्या, तर आमच्या घरात पहिली डिग्री आली नसती. शाळेत चालू कॉम्प्युटर एकच. काहीही डिलीट करण्याआधी त्या मोठ्याने म्हणायला लावायच्या — "मी कुठे आहे?" उत्तर, म्हणजे फोल्डरचं नाव, वहीत लिहायचं, मगच बटण दाबायचं.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. तरी हे लिहितोय. हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

मी संभाजीनगरला जालना रोडवरच्या एका छोट्या कंपनीत आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जांचा सर्व्हर आम्ही सांभाळतो. सर्व्हर दुसऱ्या शहरात. मी इथून, माझ्या कॉम्प्युटरवरच्या एडिटर नावाच्या प्रोग्रॅमच्या एका खिडकीतून तो चालवतो. खाली पट्टीवर आपण सर्व्हरच्या कोणत्या फोल्डरमध्ये आहोत ते दिसतं. पण एडिटरला खरं काही कळत नसतं. मी टाईप केलेली फोल्डर बदलायची कमांड वाचून तो नुसता अंदाज बांधतो. सर्व्हरवर परस्पर फोल्डर बदललं, तर पट्टी जुनंच नाव दाखवत बसते.

त्या दुपारी तीन वाजता 'चाचणी' फोल्डर रिकामं करायचं होतं. आधी एक जुनी स्क्रिप्ट, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या कमांडची यादी, चालवली. पट्टीवर 'चाचणी'च होतं. सगळं पुसायची कमांड लिहिली, बोट एंटरवर... आणि पट्टीवरचं नाव बदललं — 'मूळ अर्ज'.

हात मागे घेतला. सर्व्हरलाच विचारलं. खरंच मी मूळ अर्जांत होतो! स्क्रिप्टने गुपचूप तिथं नेऊन ठेवलं होतं. बॅकअप आठवडाभर जुना, अर्जांची मुदत संपलेली. शेवटच्या आठवड्यात अर्ज भरणारी पोरं म्हणजे माझ्यासारखीच, दाखल्यासाठी तहसीलला खेटे घालून दमलेली. त्यांचं वर्ष गेलं असतं.

शेजारचा इम्रान म्हणाला, "मियाँ, तूच टाईप केलं असशील."

"टाईप केलेल्या कमांडची हिस्टरी बघ. कुठाय?"

फोल्डर बदलायची कमांड त्यात नव्हतीच. मग नकली डेटावर तीच स्क्रिप्ट आम्ही दहा वेळा चालवली. दहाही वेळा स्क्रिप्टने फोल्डर बदललं, पण पट्टी 'चाचणी'वरच अडून बसली. झाल्या प्रकाराचा रिपोर्ट साहेबांना द्यायचा होता.

"रिपोर्ट में लिख दे ना, मैंने चेक किया. साहेब खूश. कायकू दिमाग खपारा?"

"नाय लिहिणार. मी चेक केलंच नव्हतं."

"फिर क्या लिखेगा? भूत आया था?"

"जे झालं ते."

तसंच लिहिलं. साहेबांनी परत पाठवलं. मी पुन्हा तेच पाठवलं. कारण आजही सापडलेलं नाही, पण खोटं कारण मी देणार नाही.

मॅडमना मात्र पत्र टाकलं:

"आदरणीय मॅडम,
पोरांचे अर्ज शाबूत आहेत. आता रोज मोठ्याने विचारतो, मी कुठे आहे. ऑफिस हसतं, हसू दे. पण त्या दिवशी, मॅडम, घाईत मी विचारलं नव्हतं. न विचारताच उत्तर आलं.
तुमचा विद्यार्थी,
संतोष"