पाठीवरचं केळं

"हलू नको. केळं पडलं म्हणजे माणूस पडला."

टेबलावर वाकलेल्या शिष्याच्या पाठीवर हिरवं केळं ठेवून भाऊ हे सांगत, आणि तो बिचारा श्वाससुद्धा विचारून घेई. फटका मारताना अंग जरा हललं की स्नूकरचा बॉल भोक सोडून भलतीकडे जातो. एवढी अक्कल शिकवायला जगात म्हणे पुस्तकं आहेत, कॅमेरे आहेत. जळगावात भाऊंकडे केळं होतं. तेही फैजपूरचं आणि कच्चंच. एकदा पिकलेलं पडलं आणि टेबलाच्या हिरव्या कापडावर कायमचा डाग उठला. त्याला भाऊ 'संशोधनातली अडचण' म्हणत.

भाऊंचा क्लब पंपांच्या दुकानाच्या वर होता. एक टेबल आणि दोन पंखे, त्यातला एक फिरणारा. शेजारी, जिन्याच्या तोंडाशी माझं टायपिंगचं दुकान. त्यामुळे ही पद्धत त्यांना कशी सुचली, हे मला न विचारता वारंवार कळायचं. केळीच्या बागेतून खांद्यावर घड घेऊन माणसं चालली होती, ती बघितली आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला! दर खेपेला बाग वेगळ्या गावची असायची. आम्ही ऐकून घ्यायचो, कारण चहा भाऊंचा असायचा.

मग त्यांचाच एक जुना शिष्य धुळ्याला गेला आणि त्यानं अकादमी काढली. चांगली एसी वगैरे. बाहेरच्या फ्लेक्सवर हाताची घडी घातलेला त्याचा फोटो आणि खाली मजकूर : 'आमची स्वतःची बनाना बॅलन्स पद्धत'. कुण्या हितचिंतकानं तो फोटो भाऊंच्या मोबाइलवर पाठवला. हितचिंतक अशा वेळी बरोबर जागे असतात. भाऊ अनवाणीच जिना उतरले.

"टाइप कर. माझी पद्धत चोरली त्यानं."

मी टाइप केलेल्या वकिलाच्या नोटिशीत 'सदर केळे' हे शब्द इतक्यांदा आले, की कागद कृषी खात्याचा वाटावा. धुळ्याहून उत्तर आलं : 'आमच्या अकादमीत केळे नव्हे, काकडी वापरण्यात येते; सबब आरोप नाकबूल.' स्वतःच्या फ्लेक्सवरचा 'बनाना' त्याला दिसला नसावा.

मी पोट धरून हसलो. भाऊ हसले नाहीत. म्हणाले, "मी जिल्ह्याबाहेर कधी जिंकलो नाही रे. हे माझं आहे असं म्हणायला एवढंच आहे माझ्याकडे." त्यानंतर मी त्यांच्यासमोर हसणं बंद केलं. मागे चालू ठेवलं.

शेवटी खेळातल्या जुन्या मंडळींनी दोघांना अर्ध्या वाटेवर, पारोळ्याजवळच्या एका ढाब्यावर समोरासमोर बसवलं. लिहून घ्यायला मी होतो. साक्षीला भाऊंनी धुळ्याहून चाचांना आणवलं. चाचा म्हणजे तिथल्या जुन्या क्लबातले मार्कर. गुण मोजायचे, बॉल मांडायचे. भाऊ तरुणपणी त्यांच्याच देखत खेळायला शिकले होते. आता चाचा ऐंशीच्या घरात होते आणि त्यांची नजर गेली होती.

शिष्यानं विचारलं, "चाचा, खरं सांगा. पाठीवर केळं ठेवायचं कोणी काढलं?"

चाचांनी अंदाजानं भाऊंकडे तोंड वळवलं. "यानीच पद्धत शे भो. बठ्ठं यानंच शे. मी ते फक्त बॉल मांडत व्हतू."

झालं! सगळं भाऊंचंच ठरलं आणि शिष्याची मान खाली गेली. "फ्लेक्स उतरवतो, भाऊ," तो म्हणाला. मी कागद पुढे ओढला.

"लिहू नको," भाऊ म्हणाले. "खोटं सांगताहेत ते. चाचा, तुम्ही केळं खात होता. मी सारखा हलायचो, म्हणून तुम्ही दुसरं केळं माझ्या पाठीवर ठेवलंत. मला सगळं आठवतंय. बाग-बिग काही नव्हती."

"मंग काय व्हयनं?" पद्धत आपल्याला नकोच, अशा सुरात चाचा म्हणाले. "मी काय करसू त्यानं?"

एवढी वर्षं आम्हाला बागा हिंडवणारा माणूस भर ढाब्यात हुंदके देऊन रडला. मी पेनाला टोपण घातलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ दुकानात आले. "क्लबात पाटी लावायची. ही पद्धत चाचांची, असं लिही."

"चाचांचं नाव काय?"

भाऊंना ते ठाऊकच नव्हतं. ज्याला अख्खी पद्धत स्वतःच्या नावावर हवी होती, त्यानं उस्तादाला कधी नाव विचारलं नव्हतं. "जाऊन विचारून येतो," म्हणाले. पण कोणत्या तोंडानं विचारायचं? आज जातो, उद्या जातो करत दोन महिने काढले. मग धुळ्याहून चाचा गेल्याचा निरोप आला. भाऊ मातीला गेले. चाचांचं पूर्ण नाव त्यांनी कबरस्तानात पहिल्यांदा ऐकलं.

परत आले ते थेट माझ्याकडेच. नाव विसरू नये म्हणून एसटीच्या तिकिटामागे लिहून आणलं होतं. मी पाटीचा मजकूर टाइप केला आणि विचारलं, "खाली तुमचं नाव टाकू?"

"नको. मी फक्त शिकलो."

गेल्या हिवाळ्यात भाऊही गेले. क्लबाच्या जागी आता पंपवाल्याचं गोदाम आहे. पाइपांच्या गठ्ठ्यांमागे ती पाटी अजून भिंतीवर आहे. तिच्यावर एकच नाव आहे, चाचांचं.