नाव काढायचं नाही

नोकरीची पहिली काही वर्षं मी जयपूरला काढली. तिलक नगरमध्ये एका मराठी कुटुंबाच्या घरातली वरची खोली भाड्याने घेतली होती. काका विमा कंपनीत अधिकारी, मूळचे साताऱ्याकडचे. बदली होऊन आले आणि तिथेच घर घेऊन राहिले. मी एका कंपनीत प्रोग्रॅम लिहायचे, त्यामुळे घरात वायर असलेलं जे काही बिघडेल ते माझ्या गळ्यात पडायचं. एकदा मिक्सरही आला होता. मी कॉम्प्युटरवाली आहे, मिक्सरवाली नाही, हे काकूंना पटवून देण्यात अर्थ नव्हता.

काकांना एक छंद होता, मुलीची मराठी दुरुस्त करण्याचा. ती अकरावीत होती. जन्म, शाळा, मैत्रिणी सगळं जयपूरचं. ती 'माझा पुस्तक' म्हणाली की काका जेवता जेवता 'माझं' म्हणत. ती 'हां, माझं' म्हणून पुढे जाई आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा 'माझा पुस्तक'. मला या प्रकाराचा कंटाळा यायचा. तिने मराठी काही बिघडवली नव्हती, तिच्या वाट्याला तेवढीच आली होती.

घरात एक मुलगाही होता, म्हणजे नव्हता. इंजिनिअरिंग अर्धवट सोडून तो पुण्याला गेला आणि मित्राबरोबर त्याने कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्यावरून बापलेकांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. हे सगळं मी राहायला येण्याआधीचं; काकूंनी मला गच्चीवर कपडे वाळत घालताना सांगितलं, तेही आवाज खाली आणून. काकांच्या तोंडून त्याचा उल्लेख मी कधी ऐकला नव्हता. माणसाने इतकं हट्टी असावं याचा मला राग यायचा, पण भाडेकरूने रागवायचं ते आपल्या खोलीत.

थंडीतल्या एका रविवारी सकाळी काकांनी मला खाली बोलावलं. ऑफिसचं काम घरी आणायला लागल्यापासून ते मुलांच्या कॉम्प्युटरवर बसू लागले होते. ते मशीन चालू करून चहा घ्यायला जात आणि परत येऊन बघतात तर काळी स्क्रीन आणि त्यावर कुठलीशी फाईल सापडत नसल्याची इंग्रजी तक्रार.

"चालू होताना दिसते ती वरची ओळ तेवढी काढून टाक," काका म्हणाले.

मी मशीन चालू करून पाहिलं. सुरुवातीलाच दोन ओळी आल्या. वर 'दादा', खाली 'बाबा', इंग्रजी अक्षरांत. मुलाने एकाच कॉम्प्युटरवर दोन वेगळी विंडोज टाकली होती, एक आपल्यासाठी आणि एक वडिलांसह बाकीच्या घरासाठी, आणि बहिणीचा गोंधळ होऊ नये म्हणून त्यांना अशी नावं दिली होती. जाताना त्याने आपला भाग पुसून टाकला; यादीतली ओळ मात्र राहून गेली. अर्ध्या मिनिटात कुणी काही निवडलं नाही, तर मशीन आपणहून वरच्या ओळीकडे जाई आणि तिथे आता काहीच नव्हतं. खालचा बाण दाबून 'बाबा' निवडलं की सगळं ठीक चाले. मुलगी रोज तेच करायची. काकांना तो बाण कुणी दाखवला नव्हता, किंवा दाखवूनही त्यांनी मनावर घेतलं नव्हतं.

काम किरकोळ होतं. कुठल्या ओळी दाखवायच्या हे एका छोट्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं. ती नोटपॅडमध्ये उघडायची, नको ती ओळ खोडायची आणि सेव्ह करायची. मी फाईल उघडून ओळ निवडली, ती निळी झाली, एवढ्यात मुलगी ओले केस पुसत खोलीत आली.

"दीदी, ते नका काढू. बाबांनी मना केलंय."

"मी?" काका म्हणाले.

"तुम्हीच ना. दादा गेला त्या दिवशी बोलले होते, या घरात त्याचा नाव काढायचा नाही. मोडेमवाले भैया आले होते, ते हटवत होते, मी त्यांना पण नाही बोलली. मतलब, मी कुणालाच काढू दिला नाही."

मला उलगडायला एक क्षण लागला. तिच्या लेखी काढणे म्हणजे निकालना, तेव्हा नाव काढायचं नाही म्हणजे नाम नहीं निकालना. बापाने रागाच्या भरात बजावलं होतं की त्याच्याबद्दल कुणी बोलायचं नाही. पोरीला ऐकू आलं होतं की त्याचं नाव कुणी पुसायचं नाही. आणि तो हुकूम ती इमानेइतबारे पाळत होती, रोज बाण दाबून.

'त्याचा नाव' काकांनी दुरुस्त केलं नाही.

"आणि मी दादाला पण सांगितलं, फोनवर," ती म्हणाली.

"काय सांगितलंस?"

"हेच, की बाबांनी कॉम्प्युटरमधून तुझा नाव काढायला मना केलंय. त्याने मग विचारलं, खरंच बाबा असं बोलले? मी बोलली, हां, मेरे सामने." तिने टॉवेल खांद्यावर टाकला. "तो येतोय, पुढच्या रविवारी. दुर्गापुऱ्याच्या स्टेशनला उतरणार आहे. मी आज सांगणारच होती."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हाताला कणीक लागलेली. त्यांना सगळं ठाऊक होतं हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. काकूंचं माहेर वाईचं. 'नाव काढणे' म्हणजे काय हे त्यांना कळत नसेल, असं मी मानायला तयार नाही. कळूनही त्या गप्प राहिल्या आणि मुलीला फोनवर तसंच बोलू दिलं. मला त्या क्षणी काकू फार आवडल्या.

"जा, केस वाळव उन्हात," असं म्हणून त्यांनी पोरीला गच्चीवर पिटाळलं आणि स्वतः आत गेल्या.

काका माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. त्यांनी मुलीला बोलावून नीट अर्थ समजावला असता, तर तिला पुण्याला पुन्हा फोन करावा लागला असता आणि मुलाने तिकीट रद्द केलं असतं. तिच्या प्रत्येक चुकीवर बोट ठेवणाऱ्या माणसाला हे अगदी सोपं होतं. निव्वळ सवयीने ते तसं करतील, अशी मला भीती वाटली.

"काका, ही ओळ काढू?" मी विचारलं.

"राहू दे." मग म्हणाले, "तिला अर्थ सांगू नकोस."

"नाही सांगत."

मी तेवढं एक केलं, की कुणी काही निवडलं नाही तर मशीन खालच्या ओळीकडे जाईल. म्हणजे काकांचा चहा होईपर्यंत त्यांचं विंडोज उघडून तयार असेल. वरची ओळ होती तिथे राहिली. सेव्ह केलं आणि उठू लागले, तर काकांनी मला बस म्हणून खूण केली. मी त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी मुलाचं नाव काढलं, आणि त्याची गाडी दुर्गापुऱ्याला किती वाजता येते ते इंटरनेटवर बघून द्यायला सांगितलं.