चाची आणि हिरवा चुडा

बांगड्या भरायला बसलेल्या बाईला आधी इयत्ता विचारणारी बांगडीवाली जगाच्या पाठीवर एकच, आणि ती नेमकी इंदापुरात माझ्या शिलाईच्या दुकानाला चिकटून बसते. सगळा बाजार तिला चाची म्हणतो. माप नंतर, आधी "कितवीत हायस?" एकदा साठीची आजी लाजून म्हणाली, "चौथीत सोडली." तर हिनं तिलाच झापलं, "का सोडलीस?"

नवरीचा हिरवा चुडा ती अठरा पुरी झाल्याशिवाय भरत नाही. संशय आला की एका हातानं पोरीचं मनगट धरते, दुसऱ्यानं बालकांच्या हेल्पलाइनला फोन लावते आणि एवढी ओरडते की नवरदेवाला परस्पर ऐकू जावं. वालचंदनगरच्या एका किडकिडीत नवरीपायी तिनं हेल्पलाइनची माणसं बोलावली, तर ती निघाली चांगली शिकलेली नर्स! चाचीनं स्वतःचेच कान धरले, चुडा भरला आणि लग्नात जाऊन जिलबी चापली. वर मला म्हणते, "चुकलं तर जिलबी तरी मिळती. गप बसलं तर झोप येत न्हाय."

बांगडी फुटली असं आमच्याकडं म्हणत नाहीत, 'वाढली' म्हणतात. चाची त्यात भलतीच कडक. अख्खी टोपली कलंडून काचांचा खच पडला तरी "वाढल्या गं बाई" म्हणत केरसुणी शोधणार.

गेल्या हंगामात ती मला वरकुट्याजवळ ऊसतोड मजुरांच्या पाचटाच्या कोप्यांवर बांगड्या भरायला घेऊन गेली. तिथं पूजाच्या आईनं हिरवा चुडा मागितला. पूजा सातवीतली. ऊस तोडायला मुकादमाला नवराबायकोची जोडी लागते, म्हणून ही घाई. चाचीनं आकांत मांडला! माणसं आली, आईबापानं शब्द दिला, लग्न थांबलं. चाचीनं पूजाला लाल बांगड्या भरल्या. "धावी हो, अठरा पुरी कर, हिरव्या मीच भरीन." हंगाम संपला, टोळी गावी गेली.

यंदा टोळी आली. फडाच्या बांधावर पूजा उभी, हातभर हिरवा चुडा. गावाकडं कुणी भरला देव जाणे. चाचीला बघून ती हसली, खरंच हसली हो, माहेरचं माणूस भेटल्यासारखी.

"चाची, मोळी उचलताना एक वाढली. सासू वरडंल. तेवढी भरता का?"

चाचीनं इयत्ता विचारली नाही. तिचा हात मांडीवर घेतला. बांगडी दाबावीही लागली नाही, सरळ कोपरापर्यंत गेली.

परतताना तिनं हेल्पलाइनला फोन लावला, सगळं सांगितलं, पण आवाज अगदी खाली. फोन ठेवून म्हणाली, "बांगडी वाढली न्हाय गं. फुटली."

त्यानंतर बरेच दिवस शेजारून तो प्रश्न ऐकू आला नाही. मग मीच मशीन थांबवून ओरडायला लागले, "चाची, विचारा की!"

आता विचारते. पण उत्तर आलं तरी पोरीचं मनगट लवकर सोडत नाही.