हन्नाबाईंचा शनिवार

शुक्रवारी दिवस कलला की हन्नाबाई झिराडकर दोन दिवे लावायच्या आणि फोन बंद करून कपाटात टाकायच्या. शनिवारी संध्याकाळी कोथरूडच्या घराच्या गॅलरीतून तीन तारे दिसले की मगच तो बाहेर निघायचा. आजोबा अलिबागकडचे शनवार तेली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे ज्यू. नात फोन बंद ठेवायची, एवढाच फरक.

उरलेले सहा दिवस मात्र तो फोन त्यांचा नव्हताच. पालिकेच्या शाळेत शिकवत असताना वर्गातल्या एका मुलाच्या बापाला संशयावरून पोलिसांनी उचललं. बाई चौकीत जाऊन बसल्या त्या त्याला घेऊनच उठल्या. त्या गोष्टीला आता तीस वर्षं झाली. वारज्याच्या मजूरवस्तीत घराघरात त्यांचा नंबर भिंतीवर लिहिलेला. "आपल्याला दुसरं काम नाही का?" असं एका हवालदाराने विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "आहे. पण तुम्ही करू देत नाही."

त्या शनिवारी तारे दिसल्यावर त्यांनी दाराबाहेरचा दिवा लावला, तर पायरीवर वस्तीतली दीपमाला बसलेली. काल दिवेलागणीला तिच्या नवऱ्याला, उत्तरेश्वर गवंड्याला, सळया चोरल्याच्या संशयावरून बांधकामावरून नेलं होतं.

"कधीची बसलीस?"

"सकाळधरनं."

"मग बेल का नाही वाजवलीस?"

"तुमचा शनवार मोडू नाही म्हणून, बाई."

हन्नाबाईंनी पायात चपला सरकवल्या. जीवावर बेतलं तर शनिवार मोडायचाच असतो, हे त्यांच्या धर्मातच आहे. अटकेनंतर चोवीस तासांत न्यायाधीशापुढे उभं करावं लागतं, हे त्यांनी वस्तीकडून पाठ करून घेतलं होतं. शनिवारचं हे मात्र कधी सांगितलं नव्हतं. रिक्षात बसल्या तेव्हा चोवीस तास उलटून गेले होते.

चौकीत आधी "असा कुणी नाही" झालं. बाई बाकावर बसल्या. तासाभराने आतून उत्तरेश्वर आला. चालत होता, पण उजवा हात सुजलेला, छातीशी धरलेला. थापी धरायचा हात. बाईंना पाहून तो ओशाळला.

"सुटला का शनवार तुमचा?" त्याने विचारलं.

बाईंनी त्याचा डावा हात धरून त्याला रिक्षात बसवलं.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी दिवे लावले आणि फोन चालूच ठेवून शेजारी ठेवला. तो वाजला नाही. तरी त्या तो सारखा उचलून बघत राहिल्या.