ज्वालाच्या कपड्यांचा प्रश्न

आर्णीच्या बशीर मिस्त्रींची मुलगी नुजहत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि मोबाइलवर गेम खेळायची. तिच्या बी.एस्सी.बद्दल कुणी कधी काही विचारलं नाही. गेमबद्दल मात्र मत नसलेला माणूस शोधावा लागला असता.

गेम लढाईचा होता. बेटावर उतरायचं, बंदूक शोधायची आणि शेवटपर्यंत जिवंत राहायचं. त्यासाठी आधी एक पात्र निवडायचं. नुजहत ज्वालाला निवडायची, कारण ज्वाला सगळ्यांत जोरात पळते. बनवणाऱ्यांनी ज्वालाच्या बंदुकीवर भरपूर मेहनत घेतली होती, कपड्यांवर मात्र हात आखडला होता. छातीपुरतं चिलखत, बाकी पोट उघडं, मांड्या उघड्या. पोटाला गोळी लागत नसावी. बर्फाळ डोंगरावरसुद्धा ती याच वेषात लढायची. अम्मीने, म्हणजे हमीदाने, एकदा लेकीच्या खांद्यावरून डोकावून हिला थंडी कशी वाजत नाही एवढंच विचारलं. घरातला सगळ्यांत समंजस शेरा तोच.

भाऊ सैफ म्हणायचा की असलं पात्र चांगल्या घरच्या मुली घेत नाहीत. तो स्वतः ज्वालाच घ्यायचा, पण मुलाने घेतली की तो गेम असतो. ऑनलाइन मुलं तर माइकवर तिचा आवाज आला की लढाई सोडून ती खरंच मुलगी आहे का याची चौकशी करत. खात्री पटली की हरल्याचं खापर तिच्यावर फोडत. एकाने तिला ताई म्हणून समजावलं की असे कपडे असले की मुलं बोलणारच. कपडे ज्वालाचे होते, बोलणी नुजहतला.

कॉलेजात सुचित्रा मॅडम मुलींच्या बाजूने फार तळमळीने बोलायच्या. स्त्रीदेह आणि गेम या विषयावर त्यांनी व्याख्यान दिलं, तेव्हा पडद्यावर ज्वालाचं चित्र इतका वेळ ठेवलं की मागच्या बाकांवरची मुलं पहिल्यांदाच शेवटपर्यंत बसली. अशी पात्रं पुरुषांच्या नजरेसाठी घडवलेली असतात, असं मॅडम म्हणाल्या. नुजहतला ते पटलं. ती निवडणाऱ्या मुलींना स्वतःचा आदर नसतो, असंही म्हणाल्या. ते कुठल्या मुलीला विचारून ठरवलं, हे तिला कळलं नाही.

स्नेहसंमेलनात गेमची स्पर्धा ठेवली, तेव्हा मॅडमच्या सूचनेवरून नियम आला: मुलींनी शोभेल असं स्त्रीपात्र घ्यावं, नाहीतर पुरुषपात्र. स्पर्धा भरवायचं काम कॉलेजातल्याच श्रेयसकडे होतं, आणि तो स्वतःही खेळणार होता. नुजहतने त्याला गाठलं.

"नियम पोरींलेच काहून?"

"पोरं काय, नुसते खेळतात," तो म्हणाला. "तुमच्याकडे लोक पाहतात."

नुजहतने मग पुरुषपात्र घेतलं. बलराज. पिळदार पहिलवान, अंगावर फक्त तोकडी चड्डी. सभागृहाच्या मोठ्या पडद्यावर तो तेल लावलेल्या छातीने अवतरला, तेव्हा प्राचार्यांनी छताचा पंखा न्याहाळला. श्रेयस धावत तिच्यापाशी आला.

"हे काय घेतलं तू? शोभते का?"

"नियमात बसते," नुजहत म्हणाली.

बलराज तगडा, पण बोजड. तरी त्याला ओढत नुजहत अंतिम फेरीपर्यंत पोचली. तिथे पूल ओलांडताना त्याला गाठून मारलं ज्वालाने. खेळवत होता श्रेयस. टाळ्या कडाडल्या. ज्वालाच्या पोटाबद्दल त्या दिवशी कुणालाच काही वाटलं नाही.

नुजहत सभागृहामागच्या नळावर तोंड धूत राहिली. तिला नियमाचं दुःख नव्हतं, हरल्याचं होतं. ज्वाला असती तर पूल पार झाला असता. सुचित्रा मॅडम मागून आल्या आणि आपण हे मुलींच्या भल्यासाठीच केलं, असं सांगू लागल्या.

"मॅडम, तिचे कपडे मलेबी आवडत नाई," नुजहत म्हणाली. "पण ते म्या नाई शिवले. ज्यानं शिवले त्याले कोनी काई म्हनलं नाई. खेळनं माझं अडवलं."

मॅडमनी तिचा मोबाइल मागितला आणि तिथेच पायरीवर बसून पूर्ण कपड्यांतली बाई शोधू लागल्या. एकच सापडली, जखमींना पट्ट्या बांधणारी. तिला बंदूक दिलेली नव्हती. मॅडमनी ज्वालाला घेतलं, बेटावर उतरल्या आणि थेट समुद्रात बुडाल्या. नुजहत रडता रडता हसली. मॅडमनी पुन्हा एकदा खेळू का, असं विचारलं.

पुढच्या वर्षी तो नियम कुणी काढून टाकला हे कुणी सांगितलं नाही. नुजहत ज्वालाला घेऊन खेळली आणि श्रेयसला हरवून पहिली आली. प्राचार्यांनी भाषणात, मुली आता याही क्षेत्रात मागे नाहीत, असं सांगितलं. श्रेयस मात्र महिनाभर ज्याला त्याला समजावत होता की त्या ज्वालाला घेतलं की कुणीही जिंकतं.